फ्लेक्स अर्धा छापून झालेला, पीसी हँग, आणि रीस्टार्ट तर करायचा नाही

तालुक्याच्या गावातलं फ्लेक्स प्रिंटिंगचं दुकान, गणपतीच्या आधीचा आठवडा. मशीनवर एका मंडळाचा २० बाय १० फुटांचा बॅनर चालू, निम्म्याच्या आसपास छापून झालेला, आणि ज्या पीसीवरनं तो मशीनला जातोय तोच पीसी इतका स्लो की माउस हलवला तरी बाण जागचा हलायला वेळ घेतोय. दुकानात एरवी दोन पीसी असतात, एकावर डिझाइन आणि दुसऱ्यावर फक्त प्रिंट, पण डिझाइनवाल्याचा एसएमपीएस, म्हणजे आतला वीजपुरवठ्याचा डबा, उडालेला म्हणून ऑपरेटर पोराने सगळं काम प्रिंटवाल्यावर आणलेलं. दुकानमालक काकांचा फोन आला, "अरे हेड मधेच थांबतंय बघ, रीस्टार्ट मारू का?" म्हटलं, काका, बटणाला हात लावू नका, आलोच.

रीस्टार्ट का नको ते आधी सांगतो, कारण सगळं प्रकरण त्यावरच उभं आहे. डिझाइनवरून आधी शाईच्या ठिपक्यांची एक मोठी फाइल तयार होते, दुकानात त्याला रिप करणं म्हणतात, ती फाइल हार्डडिस्कवर पडून असते आणि प्रिंट सॉफ्टवेअर ती थोडी थोडी वाचत यूएसबी केबलने मशीनला देत राहतं. डेटा आला की हेड, म्हणजे शाई मारणारा भाग, एक पट्टा मारतं, नाही आला की तिथेच थांबतं. चार-दोन सेकंद थांबलं तर एखादी बारीक लाइन दिसते जवळून, पण पीसीच बंद झाला तर बॅनर तिथेच संपला, परत चालू करून बरोबर त्याच रेषेवरून जोड देणं म्हणजे नशिबाचा खेळ. २०० चौरस फुटांचा माल आणि शाई वाया, आणि मंडळाची पोरं संध्याकाळी टेम्पो घेऊन येणार ते वेगळंच.

पीसी म्हणाल तर जुना आय५, ८ जीबी डीडीआर३ रॅम, १ टीबीची साधी फिरती हार्डडिस्क, एसएसडी नाही, विंडोज १० चौसष्ट बिटवालं. नुसत्या प्रिंटसाठी भरपूर झालं. पण त्याच्यावर फोटोशॉप, कोरलड्रॉ, ब्राउझरमध्ये व्हॉट्सअॅप वेब आणि गाणी हे सगळं एकदम म्हणजे अवघडच.

डेस्कटॉपवरची ती फाइल

मी पोचलो तेव्हा पोराने आपल्या परीने उपाय सुरू केलेलाच होता. कुठल्याशा व्हिडिओत बघून त्याने नोटपॅडमध्ये एका ओळीची स्क्रिप्ट केलेली, व्हीबीएस एक्स्टेन्शनने सेव्ह केलेली, आणि "दादा, हे दाबलं की रॅम मोकळी होते, आकडा पण कमी दिसतो" म्हणून तो ती सारखी डबलक्लिक करत होता. ही युक्ती एक्सपीच्या काळापासून फिरतेय. त्या ओळीत एवढंच असतं की फ्रीमेम नावाच्या व्हेरिएबलमध्ये १२८०००००० स्पेस भर. म्हणजे एवढी कोरी जागा असलेली एक लांबलचक स्ट्रिंग बनव. व्हीबीस्क्रिप्टमध्ये एका अक्षराला २ बाइट लागतात, म्हणजे ही स्ट्रिंग झाली साधारण २५६ एमबीची.

आता रॅम भरलेली असताना कोणी एकदम २५६ एमबी मागितली तर विंडोज काय करणार, तर बाकीच्या प्रोग्रामची पानं, म्हणजे त्यांच्या मेमरीचे छोटे छोटे तुकडे, रॅममधून उचलणार आणि पेजफाइलमध्ये, म्हणजे रॅममध्ये न मावलेलं ठेवायच्या हार्डडिस्कवरच्या फाइलमध्ये, नेऊन टाकणार. स्क्रिप्ट क्षणात संपते, तिची २५६ एमबी सुटते, टास्क मॅनेजरमध्ये वापरातली रॅम कमी दिसते आणि माणूस खूश. घर आवर म्हटल्यावर सगळं सामान अंगणात नेऊन टाकायचं आणि घर मोकळं झालं म्हणायचं, तसला प्रकार. कारण ती बाहेर टाकलेली पानं फोटोशॉपला, ब्राउझरला आणि मुख्य म्हणजे प्रिंट सॉफ्टवेअरला पुढच्याच मिनिटाला परत लागतात आणि ती एकेक करून डिस्कवरनं आत येतात. पोरगा जितक्या वेळा ती फाइल दाबत होता तितक्या वेळा हेड थांबत होतं, आणि हेड थांबलं की तो परत दाबत होता.

तसलाच अजून एक शॉर्टकट लोक करून ठेवतात, रनडीएलएल३२ मधून प्रोसेस-आयडल-टास्क्स चालवायचा. त्याचा रॅम मोकळी करण्याशी काही संबंध नाही, पीसी रिकामा असेल तेव्हा करायची म्हणून ठेवलेली कामं तो लगेच सुरू करायला लावतो, म्हणजे डिस्कला अजून काम. आणि ज्यांना रॅम बूस्टर, रॅम क्लीनर म्हणतात ती फुकटची सॉफ्टवेअरं बहुतेक व्हीबीएसवालंच काम जरा देखण्या बटणामागे करतात. माझं मत विचाराल तर एकही इन्स्टॉल करू नये.

आकडे कुठले बघायचे

कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबून टास्क मॅनेजर उघडला, बराच वेळ पांढरी खिडकीच दिसत राहिली, मग आला. परफॉर्मन्सच्या मेमरी पानावर ७.९ पैकी ७.५ जीबी वापरात, त्यातली १.३ कॉम्प्रेस्ड. विंडोज १० पानं बाहेर टाकण्याआधी रॅममध्येच दाबून बसवतं, तो हा आकडा. सगळे लोक वरचा टक्का बघतात आणि तिथेच थांबतात, पण मला त्याच्याखालचा कमिटेड बघायचा होता, तो होता १४.३ भागिले १५.८ जीबी. कमिटेड म्हणजे सगळ्या प्रोग्रामनी मिळून विंडोजकडून कबूल करून घेतलेली मेमरी, ती रॅममध्ये असो वा पेजफाइलमध्ये, आणि १५.८ ही रॅम अधिक पेजफाइल मिळून मर्यादा. ८ जीबीच्या पीसीवर १४.३ ची कबुली म्हणजे रॅममध्ये मावत नाही एवढं सगळं डिस्कवर लोंबकळतंय. डिस्क अर्थात १०० टक्के. रिसोर्स मॉनिटरमध्ये हार्ड फॉल्ट्स, म्हणजे हवं ते पान रॅममध्ये नाही म्हणून डिस्कवरनं आणायच्या फेऱ्या, दर सेकंदाला शेकड्याने. फिरत्या डिस्कचं वाचणारं डोकं एका वेळी एकाच जागी, ते एकदा पेजफाइलकडे धावणार, एकदा प्रिंटच्या फाइलकडे, आणि त्या धावाधावीत मशीनला डेटा उशिरा मिळणार. म्हणजे हेड थांबण्याचं कारण मशीन नाही, केबल नाही, रॅमची ओढाताण डिस्कवर येतेय हे आहे.

म्हणून ठरवलं की वापरातल्या रॅमचा आकडा खाली आणायच्या मागे लागायचंच नाही, कमिटेड खाली आणायचा. तो स्क्रिप्टने खाली येत नाही, ज्याने मेमरी धरलीय त्याने सोडली तरच येतो.

कोणी धरलीय ते बघायला टास्क मॅनेजरच्या प्रोसेसेस टॅबवर विसंबू नका. तिथला मेमरीचा कॉलम फक्त सध्या रॅममध्ये असलेला भाग दाखवतो, जो प्रोग्राम बाहेर फेकला गेलाय तो गरीब दिसतो. डीटेल्स टॅबमध्ये जायचं, कॉलमच्या नावावर राइट क्लिक, सिलेक्ट कॉलम्स, आणि कमिट साइझवर टिक. तिथे खरं चित्र दिसलं. फोटोशॉप ५.१ जीबी, ब्राउझरच्या सगळ्या प्रोसेस मिळून २.६, कोरल १.१, आणि प्रिंट सॉफ्टवेअर बिचारं ०.७.

कोणाला आधी उठवायचं

इथे क्रम महत्त्वाचा होता. सगळ्यात मोठा फोटोशॉप, मग आधी तोच बंद करू असं कोणालाही वाटेल. पण त्यात पोराचं दुसऱ्या बॅनरचं काम सेव्ह न केलेलं होतं, आणि सेव्ह करायचं म्हणजे आधी त्याची बाहेर गेलेली पानं डिस्कवरून आत येणार, मग शेकडो एमबीची फाइल डिस्कवर लिहिली जाणार, आणि तेवढा वेळ प्रिंट उपाशी. म्हणून आधी असं काहीतरी मारायचं ज्याला डिस्कला हात न लावता मरता येतं.

ते म्हणजे ब्राउझर. ब्राउझरला स्वतःचा टास्क मॅनेजर असतो, शिफ्ट-एस्केप दाबलं की येतो, त्यात कुठला टॅब किती खातोय ते नावानिशी दिसतं. सगळ्यात वर व्हॉट्सअॅप वेब, सकाळपासून गिऱ्हाइकांचे फोटो स्क्रोल करून करून फुगलेलं, त्याच्याखाली गाण्यांचा टॅब, मग दोन-तीन फोटो डाउनलोडच्या साइट. एकेकाला निवडून एंड प्रोसेस. टॅब जागेवरच राहतो, नुसतं पान कोसळल्याचा मेसेज दिसतो, नंतर रीलोड केलं की परत येतं, त्यामुळे पोराचं काही हरवलं नाही. गाणी बंद झाल्यावर काका म्हणाले आता कसं शांत वाटतंय.

एक गोष्ट इथे कोणी सांगत नाही. सेव्ह करण्यासारखं काही नसेल तर अशा वेळी कोपऱ्यातल्या फुलीपेक्षा एंड टास्क बरा. फुली दाबली की प्रोग्राम आवराआवर करायला उठतो, त्यासाठी त्याची पेजफाइलमध्ये गेलेली पानं परत रॅममध्ये आणावी लागतात, म्हणजे बंद होण्यासाठीच तो डिस्कला दहा फेऱ्या मारायला लावतो. एंड टास्कमध्ये विंडोज त्याची सगळी मेमरी, रॅममधली काय आणि पेजफाइलमधली काय, वाचत न बसता सरळ सोडून देतं. एरवी ही सवय वाईट, पण अडल्या वेळी उपयोगी.

कमिटेड १४.३ वरून १२.५ वर आला. माउस जरा हलायला लागला. मग मागे गुपचूप चालणाऱ्या दोन सर्व्हिस थांबवल्या, सिसमेन आणि विंडोज सर्च. अॅडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये नेट स्टॉप आणि सर्व्हिसचं नाव, बस. सिसमेन म्हणजे जुनं सुपरफेच. ह्याने रॅम फार सुटत नाही, डिस्कवरची गर्दी कमी होते, आणि मला तेच हवं होतं. कायमच्या डिसेबल करायची गरज नाही, पुढच्या रीस्टार्टला आपोआप परत चालू होतात.

आता फोटोशॉप. पोराला म्हटलं, कंट्रोल-एस मार आणि माउसला हात लावू नको. सेव्ह होईपर्यंत हेड एकदाच अडखळलं, तेवढं चालतं. फोटोशॉपचं असं असतं की फाइल बंद केली तरी तो घेतलेली रॅम विंडोजला परत देत नाही, पुढच्या फाइलसाठी स्वतःकडेच राखून ठेवतो. हा दोष नाही, रचनाच तशी आहे, आणि प्रेफरन्सेसच्या परफॉर्मन्समध्ये त्याला मुळात उपलब्ध रॅमच्या ७० टक्क्यांपर्यंत मुभा दिलेली असते. एडिट मेनूत पर्ज म्हणून आहे, त्याने अन्डूची हिस्टरी आणि क्लिपबोर्ड रिकामा होतो, काम चालूच ठेवायचं असेल तर तो मधला मार्ग, पण पर्ज केल्यावर मागे जाता येत नाही हे लक्षात ठेवायचं. आम्हाला काम चालू ठेवायचंच नव्हतं. सेव्ह झालं, फोटोशॉप पूर्ण बंद, कमिटेड एकदम ७.४. कोरलमधल्या जुन्या फायली बंद करून ६.६.

डिस्क १०० वरून ३०-४० टक्क्यांवर. हेड न थांबता चालायला लागलं. पोरगा म्हणाला झालं की दादा.

एक्सप्लोररला पण एकदा टास्क मॅनेजरमधून राइट क्लिक करून रीस्टार्ट दिला, डिझाइनच्या फोल्डरमध्ये हजारो थंबनेल बघून बघून तोही सुजलेला असतो. त्याने टास्कबार क्षणभर गायब होऊन परत येतो, बाकीच्या प्रोग्रामच्या खिडक्यांना काही होत नाही. फक्त त्या वेळी पेनड्राइव्हवर वगैरे कॉपी चालू नाही ना ते बघावं, कॉपीचं काम एक्सप्लोररच करत असतो, ते मधेच तुटतं.

हिशोब लागेना

खरं म्हणजे इथे निघायला हरकत नव्हती. पण मला एक गोष्ट खटकत होती. डीटेल्समधल्या उरलेल्या प्रोसेसची बेरीज डोक्यात केली तर ती ६.६ पर्यंत पोचत नव्हती, चांगली दीड-दोन जीबीची तफावत. मेमरी पानाच्या खालच्या कोपऱ्यात दोन आकडे असतात, पेज्ड पूल आणि नॉन-पेज्ड पूल, तिकडे सहसा कोणी बघत नाही. नॉन-पेज्ड पूल १.९ जीबी! अशा साध्या पीसीवर तो दोन-तीनशे एमबीच्या आत असावा.

नॉन-पेज्ड पूल म्हणजे कर्नलने, म्हणजे विंडोजच्या गाभ्याने, आणि एकेक हार्डवेअर चालवणाऱ्या ड्रायव्हरनी स्वतःसाठी घेतलेली मेमरी, ही कधीच पेजफाइलमध्ये जात नाही, रॅममध्येच ठाण मांडून बसते. म्हणजे ८ जीबीतले जवळपास २ जीबी असे गेलेले की ते कुठल्याही प्रोग्रामच्या नावावर दिसत नाहीत, आणि लोक टास्क मॅनेजर बघून म्हणतात काहीच चालू नाही तरी रॅम भरलेली कशी.

हे कोण खातंय ते शोधायला पूलमॉन नावाचं छोटं टूल आहे, मायक्रोसॉफ्टच्या ड्रायव्हर किटमध्ये येतं, माझ्या पेनड्राइव्हमध्ये असतं. पेनड्राइव्ह पुढच्या पोर्टला लावला, मागे मशीनची केबल होती आणि तिला धक्का लागू द्यायचा नव्हता. पूलमॉन चालू करून पी दाबत नॉन-पेज्डवर यायचं, बी दाबलं की बाइट्सनुसार क्रम लागतो. सगळ्यात वर चार अक्षरांचा एक टॅग, म्हणजे मेमरी घेणाऱ्याने तिच्यावर लावलेली खूण, एकट्याच्या नावावर दीड जीबीहून जास्त, आणि बघता बघता वाढतोय, घेतलेल्याची संख्या वाढतेय आणि सोडलेल्याची जागची हलत नाही. मग सिस्टम३२ मधल्या ड्रायव्हर्स फोल्डरमध्ये जाऊन फाइंडस्ट्र कमांडने तो टॅग सगळ्या सिस फायलींत, म्हणजे ड्रायव्हरच्या फायलींत, शोधला. सापडला तो वायफायच्या यूएसबी डोंगलच्या ड्रायव्हरमध्ये. बाजारात मिळतो तसला बिननावाचा डोंगल, मागच्याच बाजूला, मशीनच्या केबलला खेटून.

उपटून काढला नाही, डिव्हाइस मॅनेजरमधून डिसेबल केला. पूलमॉनमधला आकडा वाढायचा थांबला. पण कमी झाला नाही. आणि तो होणारही नव्हता, ड्रायव्हरने हरवलेली पूल मेमरी ड्रायव्हर बंद केल्याने परत येत नाही, तिचा हिशोबच कोणाकडे उरलेला नसतो. रीस्टार्ट न करता मेमरी मोकळी करायची जी काही हद्द आहे ती इथे संपते. प्रोग्रामने धरलेली सगळी मिळवता येते, कर्नलमध्ये गळालेली फक्त थांबवता येते.

काकांना विचारलं, पीसी बंद कधी केला होता? तर म्हणे, "रोज रात्री शटडाउन करूनच शटर ओढतो की." आणि खोटं बोलत नव्हते. टास्क मॅनेजरच्या सीपीयू पानावर अपटाइम मात्र २३ दिवस. याचं कारण फास्ट स्टार्टअप. विंडोज ८ पासून ही सोय आहे आणि बहुतेक पीसीवर आधीपासून चालूच असते, शटडाउन केलं की तुमचे प्रोग्राम बंद होतात पण कर्नल आणि ड्रायव्हर जसेच्या तसे डिस्कवरच्या हायबरफाइलमध्ये लिहून ठेवले जातात आणि सकाळी तिथूनच उचलले जातात, म्हणून पीसी लवकर चालू होतो. गळती पण जशीच्या तशी सकाळी परत हजर. शटडाउन करून चालू करणं आणि रीस्टार्ट करणं यात विंडोजमध्ये एवढा मोठा फरक आहे, आणि तो उलटा आहे, रीस्टार्टमध्ये कर्नल नव्याने चालू होतो, शटडाउनमध्ये नाही. रोज इमानदारीत पीसी बंद करणाऱ्या माणसाच्या पीसीवर तीन आठवड्यांची घाण साठलेली होती ती अशी.

जे केलं नाही ते

रॅममॅप पण पेनड्राइव्हमध्ये होतं, मायक्रोसॉफ्टच्या सिसइंटर्नल्स टूल्सपैकी, रॅममध्ये काय काय आहे ते दाखवणारं, त्यात एम्प्टी नावाचा मेनू असतो. पोराने तो बघून विचारलं, हे दाबूया का. वर्किंग सेट्स, म्हणजे प्रोग्रामची सध्या रॅममध्ये असलेली पानं, रिकामे करायचा पर्याय म्हणजे त्याच्या व्हीबीएसचाच थोरला भाऊ, सगळ्या प्रोग्रामना एकदम बाहेर हाकलतो. स्टँडबाय लिस्ट रिकामी करायचा पर्याय तसा कमी वाईट, पण फायदा नाही, कारण स्टँडबाय म्हणजे अलीकडे वाचलेल्या फायलींच्या प्रती, कोणाला मेमरी लागली की विंडोज ती तिथूनच देतं, म्हणून तर टास्क मॅनेजर ती उपलब्धमध्येच मोजतो. आणि आपल्या केसमध्ये त्यात प्रिंटच्या फाइलचाही भाग असणार, तो पुसून डिस्कवरनं परत वाचायला लावायचा कशासाठी? रिकामी रॅम बघून समाधान मिळतं एवढंच.

बॅनर पूर्ण झाला. मधल्या थांबण्यांच्या दोन लाइन आहेत त्यावर, एक फेट्याच्या रंगात विरघळून गेली आणि दुसरी आकाशाच्या निळ्यात जवळून दिसते, चौकात २० फुटांवर टांगल्यावर कोण बघतोय. मंडळाची पोरं घेऊन गेली.

त्यानंतर रीस्टार्ट मारला, शटडाउन नाही. नॉन-पेज्ड पूल १८० एमबीवर आला. पॉवरसीएफजी कमांडने हायबरनेशन बंद केलं, त्याच्याबरोबर फास्ट स्टार्टअपही जातं, सकाळी चालू व्हायला अर्धा मिनिट जास्त लागेल असं काकांना सांगून ठेवलं. डोंगल काढला आणि राउटरपासून सरळ लॅनची केबल ओढली, नाहीतरी राउटर त्याच भिंतीवर होता. फोटोशॉपची मुभा ७० वरून ५० टक्क्यांवर आणली, डिझाइनवाला पीसी दुरुस्त होऊन येईपर्यंत. व्हीबीएसची फाइल पोराने स्वतःच डिलीट केली. काकांनी विचारलं एसएसडीला किती पडतील, आणि मी म्हटलं, प्रिंटची फाइल आणि विंडोज एका डिस्कवर ठेवायचं नसेल तर तेवढा एकच खर्च करा, रॅम नंतर बघू.